नामनिर्देशित आकृती

“लई समजूतदार झालंय बघा पोरगं.”

मधली सुट्टी, स्टाफरूम, कपात अर्धा अर्धा चहा. नववीच्या वर्गशिक्षिका मॅडम बोलल्या आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खोटं काही नव्हतं त्यात. मागच्या मार्गशीर्षात त्या पोराचा बाप गेला. गेला म्हणजे त्यानं स्वतःला संपवलं. आमच्याकडं ‘गेला’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाराही पुढचं विचारत नाही. त्याच्या आधी हे पोरगं शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचं, पुढच्याच्या पाठीला कागद चिकटवायचं, पीटीच्या तासाला घंटेच्या आधीच मैदानावर असायचं. बापाचं सगळं उरकून शाळेत आलं ते थेट पहिल्या बाकावर. गृहपाठ पूर्ण. केसाला तेल. कुणाशी भांडण नाही, कुणाशी बोलणंही नाही. डब्यातली अर्धी भाकर तशीच परत न्यायचं, पण डब्यात कोण बघतंय?

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवतो. तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत ‘समजूतदार झालं’ हे मी किती लेकरांबद्दल ऐकलं आणि किती वेळा स्वतः बोललो, याचा हिशोब त्या चहाच्या वेळी माझ्या मनात आला नव्हता. तो आला नंतर, वह्या तपासताना.

नववीच्या विज्ञानात सजीवांतल्या जीवनप्रक्रियांचा एक धडा आहे. उत्सर्जन, चेतासंस्था आणि शेवटी संप्रेरकं. या धड्यावर मी हमखास एक गृहपाठ देतो : मूत्रपिंड आणि अधिवृक्क ग्रंथी, नामनिर्देशित आकृती काढा. तीन गुण. दीड आकृतीला, दीड नावांना. त्या पोरानं आकृती काढली होती ती इतकी रेखीव, की मी वही उचलून उजेडात धरली. पेन्सिलीला टोक काढून काढून ओढलेली. दोन मूत्रपिंडं, त्यावर दोन बारक्या टोप्या. टोप्यांपासून, नळ्यांपासून पट्टीनं बाहेर ओढलेल्या सहा रेघा. आणि त्या रेघांच्या टोकाला काहीच नाही. एकही नाव नाही. मी सवयीनं लाल शाईत लिहिलं, ‘नावे कुठे?’ आणि वही परत दिली. चार दिवसांनी वही आली, तशीच. माझी लाल अक्षरं आणि त्याच्या सहा मोकळ्या रेघा.

आधी राग आला, खरं सांगतो.

त्या टोप्यांबद्दल मी वर्गात जे सांगतो ते पुस्तकापेक्षा थोडं जास्त असतं. अधिवृक्क ग्रंथी आणीबाणीच्या आणि भावनिक प्रसंगी काम करते, असं पुस्तक सांगतं आणि पुढं जातं. एकेका टोपीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. आतला गाभा ॲड्रीनॅलीन सोडतो. साप दिसला की काळीज धडधडतं, ते त्याचं. बाहेरची साल कॉर्टिसॉल सोडते, आणि माझा जीव या सालीवर जास्त. ॲड्रीनॅलीन येतं आणि जातं. कॉर्टिसॉल रोजचं आहे. साप असो नसो, दर पहाटे ते वाढतंच. मध्यरात्रीच्या सुमाराला रक्तात सगळ्यांत कमी असतं, पहाटेकडं चढायला लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात टोकाला पोचतं. मग दिवसभर उतरत जातं. उठायला, चुलीपाशी जायला, दिवसाला सामोरं जायला जी ताकद लागते ती मोकळी करण्याचं काम त्याचं. वाईट काही नाही त्यात. ते नसेल तर माणूस जगत नाही.

हुकूम कुठून येतो, हे सांगायला मी पाण्याच्या मोटारीचा दाखला देतो, कारण माझ्या वर्गातल्या पोरांना मोटार माझ्यापेक्षा जास्त कळते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, तो पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, पीयूषिका रक्तातून खाली टोपीला. टोपी कॉर्टिसॉल सोडते. ते वाढत वाढत परत मेंदूपर्यंत पोचलं की मेंदू म्हणतो, बास. टाकी भरली की चेंडू वर येतो आणि मोटार बंद पडते, तसं. आता समजा, तो चेंडूच अडकला. किंवा ऑटोवर ठेवलेली मोटार लाईट आली की आपली आपण सुरू होते, पण विहिरीत पाणी नाही. मग?

“वाइंडिंग जळतं सर,” सगळा वर्ग एका सुरात.

तेच. ताण आठवडेच्या आठवडे हटला नाही, की बंद करायची यंत्रणा ढिली पडते. त्या यंत्रणेतला मोठा वाटा मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा, आणि आठवणी साठवायचं कामही त्याच भागाचं. म्हणून ताणातल्या पोराला पाठांतर राहत नाही. त्याला आम्ही ‘लक्ष नाही’ म्हणतो. बरं, सगळ्यांचं कॉर्टिसॉल वाढूनच बसतं असंही नाही. फार दिवस फार मोठं सोसलेल्या काहींत ते उलट कमी आणि सपाट होतं, सकाळची चढणच राहत नाही. वयात येणाऱ्या शरीरात तर हा कारभार आणखी कच्चा. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की एकाच त्रासानंतर मोठ्या उंदरांचं संप्रेरक लवकर खाली येतं, वयात न आलेल्यांचं बराच वेळ चढलेलंच राहतं.

उंदरांवरून आठवलं. ताणाच्या या सगळ्या अभ्यासाला वाट फुटली तीच एका फसलेल्या प्रयोगातून. हान्स सेली नावाचा संशोधक उंदरांना ग्रंथींचा अर्क टोचत होता, नवं संप्रेरक सापडेल या आशेनं. काहीही टोचलं, थंडीत ठेवलं, दमवलं, तरी उंदरांत तेच ते बदल : अधिवृक्क फुगलेली, पोटात व्रण. 1936 साली त्यानं ते छोट्याशा टिपणात छापलं. शरीराला त्रास कोणता हे कळत नाही, त्रास आहे एवढंच कळतं, असा त्याचा सूर. मला हे अर्धंच पटतं. उंदराचं ठीक आहे. माणसाला त्रास कोणता ते कळतं, आणि त्यानं फरक पडतो.

तर ती वही. राग उतरल्यावर मी मोबाईलवर जुनं वाचलेलं पुन्हा शोधलं. केंब्रिजच्या संशोधकांचा 2014 साली आलेला अभ्यास आहे. दोन गट मिळून 1858 किशोरवयीन मुलंमुली. त्यांनी काय केलं, तर पोरांची सकाळची लाळ घेतली, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी. लाळेतही कॉर्टिसॉल मोजता येतं, सुई टोचायला नको. आणि पोरांना विचारलं, कसं वाटतं? तेही पुन्हा पुन्हा. मग पुढं कुणाला तीव्र नैराश्य येतं यावर लक्ष ठेवलं. ज्या मुलांच्या लाळेत सकाळचं कॉर्टिसॉल सतत जास्त होतं आणि जी स्वतः उदासीची लक्षणं सांगत होती, त्यांना नैराश्याचा आजार होण्याचा धोका, या दोन्ही गोष्टी नसलेल्या मुलांच्या 14 पट निघाला. मुलींमध्ये हाच आकडा 4 पट. दोन्ही गोष्टी एकत्र असणं महत्त्वाचं. नुसतं कॉर्टिसॉल जास्त असून चालत नाही, नुसती उदासी असून तेवढा धोका नाही.

14 पट म्हणजे होणारच असं नाही, आणि हे एकेका पोराचं भविष्यही नाही. मोठ्या घोळक्यातून जास्त जपायला हवं ते कोण, एवढंच त्यातून कळतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडं लॅबच्या पाटीवर सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी असतेच, आणि कुणी हौशी बाप पोराला धरून नेईल. ती तपासणी कुशिंग, ॲडिसन अशा ग्रंथींच्या आजारांसाठी. नैराश्य ओळखायला डॉक्टर ती करत नाहीत. डॉक्टर बोलतात, विचारतात. यंत्राला न विचारता पोराला विचारणं हेच तिथंही अर्धं काम होतं, बघा.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे उत्साहानं सांगितलं. पोरांचं कसं आतल्या आत असतं, वगैरे. इंग्रजीच्या मॅडम पेपर तपासता तपासता म्हणाल्या, “सर, 14 आणि 4 यांच्या नादात पोरींना विसरू नका. वयात आल्यावर हा आजार पोरींनाच जास्त होतो, तुम्हीच मागं सांगितलं होतं.” सांगितलं होतं खरं. किशोरवयात मुलींमधलं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट जातं. मॅडमच्या वर्गातल्या दोन पोरी दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला गेल्या, त्यातली एक परत आली. दुसरीचं लग्न झालं म्हणतात. ती फार बोलकी होती. बोलत होती, सांगत होती, रडतही होती मॅडमपुढं. “सांगून काय झालं?” मॅडम म्हणाल्या आणि लाल पेननं टिकमार्क करत राहिल्या. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आयुष्यातले प्रसंग मोजायची एक पट्टीही आहे. होम्स आणि राहे या दोघा अमेरिकनांनी 1967 साली बनवलेली. 43 प्रसंग, प्रत्येकाला गुण. जोडीदाराचा मृत्यू 100. घटस्फोट 73. अगदी नाताळलाही 12 गुण आहेत, आणि वाहतुकीचा किरकोळ नियम मोडल्याबद्दल 11. मला पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं. आमच्या चौकात तर रोज शेकड्यानं गुण वाटावे लागतील. पण कल्पना चांगली आहे. वर्षभरातले गुण मिळवायचे, बेरीज जितकी जास्त तितकी आजाराची शक्यता जास्त. एका रिकाम्या तासाला मी वहीच्या मागच्या पानावर आमच्याकडची पट्टी करायला बसलो. सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस बसला. चारशे फूट बोअर घेतला, फुफाटा निघाला. बैल बाजारात नेला. बहिणीचं जमलं, हुंडा ठरला. तेच मोडलं. मुकादमाची उचल घेतली. बँकेचा माणूस दारात, शेजारी ओट्यावर. याला किती गुण द्यायचे? आणि यातला एकही प्रसंग पोराच्या नावावर नाही. सगळे बापाच्या नावावर. पण झोपायला घर एकच खोली, आणि रात्री हळू आवाजात झालेलं बोलणं गोधडीत पडलेल्या पोरानं सगळं ऐकलेलं.

गुण देता देता सोडून दिलं. पुढच्या काळात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी बायांच्या नैराश्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी ही बेरीजच बाजूला ठेवली. प्रसंग कोणता एवढं विचारून ते थांबले नाहीत. त्या बाईच्या आयुष्यात त्या प्रसंगाचा अर्थ काय, हे तासन्‌तास बसून ऐकलं. त्यातून निघालेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. जिला मनातलं सांगायला एकही जवळचं माणूस नाही, ती तसल्याच प्रसंगात लवकर खचते. 1978 साली हे छापून आलं. कॅम्बरवेल नावाच्या वस्तीतल्या बाया होत्या त्या. पण आमच्या गल्लीतल्या म्हटलं तरी चाललं असतं.

बापाच्या मृत्यूचा आमच्याकडं आणखी एक अर्थ असतो, आणि तो कागदावर येतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सरकार 1 लाख रुपये देतं. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं हवं. चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. त्या पोराची माय फारशी शिकलेली नाही, म्हणून कागदांची पिशवी त्याच्या हातात. सातबारा, आठ अ, बँकेचं पत्र, पोलिसांचा पंचनामा. पंचनामा त्यानं वाचला असणार, वाचता येतं त्याला. त्यांचं प्रकरण अपात्र ठरलं. कर्ज सगळं हातउसनं होतं. आमच्या शिपाईमामांनी मला हे सांगितलं. पोरानं त्यांना विचारलं होतं, “मामा, अपात्र म्हणजे आमचा दादा शेतकरी नव्हता का?”

बापाला ‘दादा’ म्हणतो तो.

इथं माझं एक सांगायचं राहिलंय. दहाव्याला मी त्यांच्या घरी गेलो होतो. माणसं बसलेली, कुणाला बोलायला काही नाही. तो पाणी देत होता, तांब्या घेऊन एकेकापुढं वाकत. माझ्यापुढं आला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, “आता तूच घरचा कर्ता. मायला तूच सांभाळायचं. रडायचं नाही.” लोकांनी माना हलवल्या. तोही “हो सर” म्हणाला. पहिल्या बाकावर त्याला कुणी बसवलं, ते मला त्या सहा मोकळ्या रेघा बघेपर्यंत कळलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्याला थांबवलं. टाकीजवळ कडुनिंबाखाली कट्टा आहे, तिथं बसलो. वही उघडून मी म्हणालो, “एवढी चांगली आकृती, नावं का नाहीत रे?”

“आठवत नव्हती.”

“पुस्तक समोर होतं की.”

तो बराच वेळ गप्प. मग कट्ट्याच्या फटीतला खडा नखानं उकरत म्हणाला, “सर, तुम्ही मोटारीचं सांगितलं ते. आमच्या मोटारीला ऑटो नव्हता. एक हप्ता दिवसाची लाईट, एक हप्ता रात्रीची. रात्रीची असली की दादा उठून जायचे. मी बॅटरी धरून जायचो मागं.”

“आता कोण जातं?”

“कोण नाही. शेत बटईनं दिलंय.” खडा निघाला. तो त्यानं खिशात टाकला. “तरी जाग येते. तीनला. मग झोप यीना. पडून ऐकतो, मोटार चालू झाली का.”

“आणि भूक?”

“लागंना.”

“खेळायला का जात नाहीस?”

“कायबी वाटंना सर.” हे तो इतक्या सपाट आवाजात म्हणाला, जसं कुणी हजेरी देतं.

आमच्या बोलीत या आजाराला नाव नाही, असं मी पूर्वी म्हणायचो. आहे की. यीना, लागंना, वाटंना. डॉक्टरही झोप, भूक, मन लागणं हेच विचारतात. दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज असं चाललं असेल तर तपासायला हवं म्हणतात. पोरांमध्ये तर उदासी उदासीसारखी दिसतच नाही पुष्कळदा. चिडचिड दिसते, रोज पोट दुखतं, डोकं दुखतं. किंवा मग अशी शहाणी, तेल लावलेली, गृहपाठ पूर्ण केलेली दिसते.

तीनच्या जागेचं मला जास्त लागलं, त्याला कारण आहे. 1993 साली मीही नववीत होतो. आमचं गाव औसा तालुक्यात, मामाचं तेरणाकाठी, किल्लारीपासून जवळ. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून, गुलाल तसाच अंगावर, माणसं झोपली. 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. 6.2 तीव्रतेचा भूकंप. दगडामातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं वजन. झोपलेल्यांवरच ते आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं घर तडकलं, पण उभं राहिलं. मामाचं राहिलं नाही. मामा, मामी आणि माझ्याच वयाचा मामेभाऊ. त्याची गणिताची वही मी पोळ्याला उतरवून घ्यायला आणली होती.

मी रडलो नाही. आई तीन दिवस भुईला डोकं आपटत होती, तिला धरायला माणूस हवं होतं, ते मी झालो. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं काढली. मला पहाटे साडेतीनला जाग यायची, अलार्म न लावता. उठून कंदील लावून मी अभ्यास करत बसायचो. “माझं लेकरू पहाटंच उठतंय,” आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दहावीला चांगले गुण पडले. लोक म्हणाले, एवढ्या संकटातही पोरगं बघा किती समजूतदार. माझी लाळ कुणी नळीत घेतली नव्हती, तेव्हा माझ्या कॉर्टिसॉलचं काय होतं ते कुणालाच सांगता यायचं नाही. आणि वेळेवर जाग येणं म्हणजे आजारच, असंही नाही. मी एवढंच सांगू शकतो, की अकरावी-बारावीची दोन वर्षं मला नीट आठवत नाहीत. शिकवलेलं आठवत नाही, मित्र आठवत नाहीत. पुढं मला ‘पहाटे उठायची चांगली सवय’ आहे, असंच मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत समजत होतो. बायको म्हणाली एकदा, “सवय असलेला माणूस उठल्यावर छताकडं बघत पडत नाही.”

पोराला दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तर घरचे तयार होईनात. मायला मी म्हणालो, “वहिनी, एकदा दाखवून आणू.” ती म्हणाली, “त्याला काय झालंय सर? सांगितलेलं समदं ऐकतंय. उलट बोलंना.” चुलत्याचं वेगळंच. “डोक्याच्या डॉक्टरकडं? थोरलीचं जमवायचंय अजून.” कुणीतरी बाहेरचं बघायला सुचवलं होतं, एका अमावस्येला ते करूनही झालं होतं. मी भांडलो नाही. म्हणालो, झोप येत नाही म्हणून दाखवू, झोपेचा डॉक्टर. हे खोटं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात आम्ही गेलो. बाहेरच्या बाकड्यावर गर्दी होती, नीटची तयारी करणारी दोन-तीन पोरंही, पाठीवर क्लासच्या बॅगा. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मला बाहेर बसवलं, मायलाही थोड्या वेळानं बाहेर पाठवलं, आणि पोराला एकट्याला चाळीस मिनिटं ऐकलं. जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का, हेही सरळ विचारलं, असं नंतर त्यांनी सांगितलं. असं विचारल्यानं तो विचार पोराच्या डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते, म्हणाल्या. मी तेवीस वर्षं हा प्रश्न टाळत आलो होतो. दर पंधरा दिवसांनी यायचं ठरलं, बोलण्याचा उपचार आधी. गोळीचं त्या पुढं बघणार होत्या. निघताना त्यांनी एका चिठ्ठीवर 14416 लिहून दिलं, टेली-मानस, ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारी फोनसेवा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. “रात्री तीनला जाग आली तरी कुणीतरी फोन उचलेल,” असं त्या पोराला म्हणाल्या. त्यानं चिठ्ठी घडी करून कंपासात ठेवली.

परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात वर्ग मोजत होतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांत कोणता ना कोणता मानसिक आजार असलेल्यांचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. माझ्या नववीत 58 पोरं. म्हणजे चार. एक माझ्या शेजारी खिडकीला डोकं टेकून बसला होता. बाकीची तीन कोण, ते मी बाकांच्या क्रमानं आठवत राहिलो. पहिला चेहरा आला तो वर्गमॉनिटर पोरीचा. का, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, त्या तिच्याशी बोलतायत.

हे सगळं झालं फेब्रुवारी-मार्चमध्ये. चमत्कार वगैरे काही नाही. दोन वेळा तो गेलाच नाही दवाखान्यात, बसभाडं नव्हतं म्हणाला, ते खरंही असेल. मे महिन्यात चुलत्यानं पुन्हा वाद घातला. मी माझ्यापुरतं एक केलं : एका दुपारी त्याला सांगितलं, की दहाव्याला मी बोललो ते चुकीचं बोललो, कर्ताबिर्ता काही नाही, तू नववीतलं पोरगं आहेस. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “मग कर्ता कोण सर?” याचं उत्तर मला आलं नाही. आम्ही दोघं गप्प बसलो. पण त्या दिवशी तो रडला, आणि मी त्याला पाणी प्यायला सांगितलं नाही, पुरे म्हटलं नाही.

यंदा तो दहावीत आहे. जुलैमध्ये पाऊस लागला होता त्या आठवड्यात परिपाठ संपल्यावर, पहिला तास निम्मा झाल्यावर, तो दारात उभा. शर्टाची दोन बटणं उघडी, केस पिंजारलेले, गालावर उशीच्या घडीचा वळ.

“काय रे, उशीर?”

“झोप लागली होती सर.”

मी आत ये म्हणालो. तो मागं गेला, शेवटून दुसऱ्या बाकावर, शेजारच्याला ढकलून जागा केली. तिसऱ्या तासाला त्याची कुणाशी तरी कंपासावरून मारामारीही झाली, म्हणजे तशी किरकोळच.

मधल्या सुट्टीत चहा आला. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. “सर, तुमचं ते पोरगं. एवढं समजूतदार होतं हो, यंदा पार बिघडायला लागलंय बघा.”